दोन क्रियापदांच्या मधला ‘टू’

सहदेव अवसरमोल आणि मी एकाच महिन्यात बीबी गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात लागलो. ते इंग्रजीला, मी मराठीला. कॉलेज विनाअनुदानित होतं. म्हणजे इमारत खरी, मुलं खरी, हजेरीपट खरा, फक्त पगार पुढे कधीतरी. त्या ‘कधीतरी’च्या भरवशावर आम्ही दोघांनी लग्नं केली आणि लेकरं शाळेत घातली. मी हंगामात खतांच्या दुकानात बसायचो. सरांच्या घरी शिलाई मशीन होती, ती त्यांची बायको चालवायची, आणि सर सकाळी गावात पेपर टाकायचे. पेपर टाकून झाले की अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून साडेदहाला वर्गात. एकोणीस वर्षांत मी त्यांना चुरगळलेल्या शर्टात पाहिलं नाही.

वर्षातून एक दिवस त्यांच्या वर्गातून असा हशा उठायचा, की मला माझा तास थांबवावा लागायचा. त्या दिवशी सर ‘स्टॉप’ शिकवत असायचे. हातात पाण्याची बाटली घेऊन ते फळ्यासमोरून चालत जायचे, मध्येच उभे राहायचे, झाकण उघडायचे आणि म्हणायचे, “आय स्टॉप्ड टू ड्रिंक वॉटर.” मग बाटली तोंडाला लावून घटाघटा प्यायचे, प्यायचे, आणि एकदम थांबायचे. मिशीवरून पाणी गळत असायचं. “आय स्टॉप्ड ड्रिंकिंग वॉटर.”

“फरक समजला का?” ते विचारायचे. “पह्यल्या वाक्यात मी पाणी प्याले थांबलो, म्हंजे प्यासाठी. दुसऱ्यात पाणी प्याचं थांबलो. तुमच्या मायनं तुमाले हा फरक बोलता बोलता शिकवला. एक ‘ले’ अन् एक ‘चं’. इंग्रजीत तेच काम ‘टू’ अन् ‘आयएनजी’ करते. बाकी काही नाई.”

पुस्तकात याची यादी दिलेली असते. कोणत्या क्रियापदापुढे ‘टू’ लावायचं, कोणत्यापुढे ‘आयएनजी’. सर यादी देत नसत. यादी पोरं परीक्षेनंतर विसरतात, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्याकडे एक जाड वही होती. गावात कानावर पडलेलं इंग्रजी ते त्यात टिपून ठेवत. मोटर स्टार्ट कर. फोन कट झाला. फॉर्म रिजेक्ट होऊन राह्यला. मले जरा अ‍ॅडजस्ट करून घ्या. एकदा स्टाफरूममध्ये त्यांनी मला ती वही दाखवली. म्हणाले, “पाहा गोकुळभाऊ, आपली माणसं इंग्रजी क्रियापद घेतात, पण त्याले मोकळं सोडत नाईत. त्याच्यासंगं ‘करणे’ नाईतं ‘होणे’ देतात. मंग ते क्रियापद आपल्या घरात नीट नांदते. गडबड कवा होते माहीत हाय? कागद पुरा इंग्रजीत लिहाची पाळी येते तवा. आपलं ‘करणे’ काढून घ्या लागते, अन् दोन इंग्रजी क्रियापदं एकापुढं एक उभी राह्यतात. त्याच्या मधात काय घालाचं, हे कोणी सांगत नाई.”

यावर त्यांनी एक लेख लिहिला आणि शिक्षकांच्या एका मासिकाला पाठवला. तिकडून काही उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलंही नाही.

मयुरी सरकटे सरांच्या घरापासून चार घरं सोडून राहायची. वडील लहानपणीच वारलेले. आई जनकाबाई मजुरी करायची आणि शाळेत खिचडी शिजवायची. मयुरी बारावीला गेली आणि ते वर्ष कोरोनाचं निघालं. कॉलेज बंद. तास मोबाईलवर. सरांच्या वर्गात चाळीस मुलं होती आणि मोबाईलच्या ग्रुपवर सतरा. जनकाबाईंकडे बटणांचा फोन होता. सर पाठाची पानं टंकून ग्रुपवर टाकत, पण बाटली घेऊन मोबाईलसमोर चालणं त्यांना जमलं नाही, आणि जमलं असतं तरी ते मयुरीपर्यंत पोचलं नसतं.

एक दिवस रस्त्यात भेटले तेव्हा ते मला म्हणाले, “ज्याच्याकडं फोन नाई त्याच्या घरी जाऊन शिकवू का?”

मी म्हणालो, “कशाले? पोलीस दंडुके मारून राह्यले. अन् उद्या कोणाच्या घरात कोरोना निघाला तं तुमचं नाव येईन.”

ते गेले नाहीत. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे ‘का गेला नाहीत?’ असं सगळ्यांनी सरांनाच विचारलं. मला कोणी विचारलं नाही.

त्या वर्षी बारावीची परीक्षा झाली नाही. मार्क कॉलेजांनीच भरायचे होते. मुख्याध्यापकांनी आम्हाला बसवून सांगितलं, की तोंडी परीक्षेचेही भरून टाका, पोरांचं नुकसान नको. आम्ही भरले. मयुरीला सरांनी तोंडीत वीसपैकी अठरा दिले. एकही प्रश्न न विचारता. पोरगी हुशार होती, आणि सर्वांनाच तसे दिले होते. तिच्या मार्कशीटवर इंग्रजीत एक्क्याऐंशी आले. त्या जोरावर तिला जालन्याच्या एका नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. तीन वर्षांनी ती नर्स झाली आणि देऊळगाव राजाच्या एका खाजगी हॉस्पिटलात लागली. पहिल्या महिन्यात ती सरांच्या आणि माझ्या घरी पेढे घेऊन आली होती. पांढरा एप्रन पिशवीत घडी करून आणला होता, दाखवायला.

मागच्या वर्षीच्या सप्टेंबरातली गोष्ट. दुपारी चारच्या सुमाराला वॉर्डात मयुरी एकटीच नर्स होती. अन्नपूर्णाबाई नावाच्या साठीच्या बाई पायाच्या जखमेसाठी भरती होत्या. साखरेचा आजार, त्यामुळे जखम भरत नव्हती. डॉक्टरांनी नवं इंजेक्शन लिहून दिलं होतं. मयुरीनं फोन करून विचारलं, की रिअ‍ॅक्शन येते का ते आधी थोडंसं देऊन पाहायचं का. डॉक्टर म्हणाले, “पाहत बसू नको, सगळं दे, काही होत नाही.” हे बोलणं फोनवर झालं, कागदावर आलं नाही. ती शिरेतून हळूहळू इंजेक्शन देऊ लागली. अर्धं गेलं असेल, तेवढ्यात बाई म्हणाल्या, “पोरी, अंगाले खाज सुटून राह्यली वं.” मयुरीनं तिथंच हात थांबवला, सिरिंज काढली, डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर वीस मिनिटांनी आले. तोवर बाईंचा श्वास अडकला होता. पाच वाजायच्या आत त्या गेल्या.

बाईंचा मुलगा कचरू औषधं आणायला बाहेर गेला होता. तो परत आला आणि मग गावाकडची माणसं जमली. खाली काच फुटली. अर्धी भरलेली सिरिंज त्या गडबडीत कचऱ्यात गेली. डॉक्टर मयुरीला म्हणाले, “काय झालं ते लिहून दे. लगेच. फाईल इंग्रजीत आहे, तूही इंग्रजीतच लिही.” ती काउंटरवर बसली. बाहेर लोक तिच्याच नावानं ओरडत होते. पाच-सहा ओळी लिहून तिनं खाली सही केली.

पोलिसांनी फाईल ताब्यात घेतली. हॉस्पिटलनं तिला दुसऱ्याच दिवशी कामावरून कमी केलं. त्यानंतरच्या रविवारी जनकाबाई त्या कागदाची झेरॉक्स घेऊन सरांच्या घरी आल्या. मागे मयुरी. मी तेव्हा सरांकडेच चहाला बसलेलो होतो.

“सर, हे वाचून सांगा,” जनकाबाई म्हणाल्या. “पोलीस म्हणतात पोरीनं कबूल केलं. ही म्हणते मी काईच कबूल नाई केलं.”

सरांनी चष्मा लावला. कागद वाचला. पुन्हा वाचला. मग मला दिला. चौथी ओळ अशी होती : पेशंट कंप्लेन्ड इचिंग. आय स्टॉप्ड टू गिव्ह इंजेक्शन. देन आय कॉल्ड डॉक्टर.

मी मराठीचा माणूस, मला त्यात काही दिसलं नाही.

सरांनी मयुरीला विचारलं, “खाज सुटली असं त्या म्हणाल्या, तवा इंजेक्शन चालू व्हतं का सुरू व्हाचं व्हतं?”

“चालू व्हतं सर. अर्धं गेलं व्हतं.”

“मंग तू काय केलं?”

“स्टॉप केलं.”

“काय स्टॉप केलं?”

“इंजेक्शन. द्याची थांबली मी.”

“अन् लिहिलं काय?”

ती कागदाकडे पाहत राहिली. “तेच लिहिलं ना सर. स्टॉप्ड टू गिव्ह.”

सरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “पोरी, याचा अर्थ द्याची थांबली असा होत नाई. याचा अर्थ द्याले थांबली असा होते. पेशंट म्हणे खाज सुटली, त्याच्यावर तू हातातलं काम थांबवलं अन् इंजेक्शन दिलं. मंग डॉक्टरले फोन केला. असं लिहिलं हाय तू.”

मयुरीला ते कळायला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, “वॉर्डात आमी सगळे स्टॉप केलं असंच म्हणतो. सलाईन स्टॉप केलं, इंजेक्शन स्टॉप केलं. इंग्रजीत लिहाचं म्हणल्यावर ‘गिव्ह’ घालणं भाग पडलं. दोन क्रियापदं आली की मधात टू लावाचं, एवढं मले माहीत व्हतं.”

“बारावीले शिकवलं नव्हतं का हे?” जनकाबाईंनी विचारलं. त्यांनी ते मुलीला विचारलं होतं, पण उत्तर सरांनी दिलं.

“मी नाई शिकवलं. त्या वर्षी शाळा बंद व्हती.”

जनकाबाई सरांकडे वळल्या. “चार घरं व्हती सर,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “चारच घरं.”

त्यानंतर महिनाभर सर शांत बसले नाहीत. आधी ते हॉस्पिटलात गेले. डॉक्टरांनी त्यांना बसवून घेतलं, पाणी दिलं, आणि सांगितलं की आता हे प्रकरण पोलिसांकडे आहे. मग पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सर, आम्हाला ग्रामर कळत नाही. कागद तज्ज्ञ समितीकडे जाईल, ती ठरवेल.” मग एका सकाळी ते मला म्हणाले, “कचरूकडं जाऊ.”

कचरूचं गाव दुसरबीडच्या पुढे. आम्ही एसटीनं गेलो, फाट्यावरून पायी. कचरू गोठ्यात होता. डोक्याचे केस नुकते उगवू लागले होते. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्याचा चेहरा आखडला, पण त्यानं बाज टाकली.

सरांनी त्याला कागदातली ओळ समजावून सांगितली. कचरूची चौथीपर्यंत शाळा. पण ‘द्याची थांबली’ आणि ‘द्याले थांबली’ हे सांगितल्यावर त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

“म्हंजे पोरीनं सुई काढली व्हती,” तो म्हणाला.

“हाव. तुमच्या मायनं खाज म्हणल्याबरोबर.”

त्यानं बायकोला हाक मारली. ती त्या वेळी खाटेपाशी होती. सरांनी तिला विचारलं, नर्सनं सुई काढलेली पाहिली का. ती पदर धरून उभी राहिली. “मी सासूच्या तोंडाकडं पाहून राह्यली व्हती, सर. हाताकडं नाई पाह्यलं. खोटं कसं सांगू?”

सर म्हणाले, “नका सांगू.”

मग कचरूच म्हणाला, “सर, तुमी म्हणता ते मले पटते. ती पोरगी माह्या मायले रोज हात धरून संडासले नेत व्हती, मी पाह्यलं. पण एक सांगा. माही माय कोणामुळं मेली?”

डॉक्टरांचं फोनवरचं बोलणं सरांनी सांगितलं, पण तेही मयुरीच्या तोंडचं.

“त्या कागदावर हिचं एकटीचं नाव हाय,” कचरू म्हणाला. “ते काढलं तं मंग कोणाचंच राह्यत नाई. मी कोणाले धरू?”

परत येताना सर माझ्यापुढे भराभर चालत फाट्यापर्यंत आले. एसटीत खिडकीशी बसले आणि म्हणाले, “त्याले समजलं, गोकुळभाऊ. एका वाक्यात समजलं.”

समितीनं मयुरीला नोव्हेंबरात बोलावलं. बुलढाण्याच्या एका सरकारी इमारतीत लांब टेबलामागे तीन डॉक्टर बसले होते. मधले डॉक्टर वयस्कर होते, बोलायला शांत. मयुरीनं पुन्हा सगळं सांगितलं. मग सरांनी हात वर केला, वर्गात पोरं करतात तसा, आणि मला बोलायचं आहे म्हणाले.

“तुम्ही नातेवाईक?”

“नाही. हिचा इंग्रजीचा शिक्षक.”

त्यांना पाच मिनिटं मिळाली. सरांनी नीट तयारी करून आणली होती. बोली सोडून पुस्तकी मराठीत त्यांनी दोन वाक्यांतला फरक सांगितला, मराठी माणूस ही चूक का करतो तेही सांगितलं. आपल्या वहीतली चार उदाहरणं दिली. मला वाटलं, ते जिंकतायत.

मधले डॉक्टर म्हणाले, “सर, फरक आम्हालाही कळतो. पण लिहून दिल्यावर प्रत्येक जण म्हणतो, मला असं म्हणायचं नव्हतं. सिरिंज नाही, साक्षीदार नाही. आमच्यासमोर हा कागदच आहे.”

“पण तिला इंग्रजी लिहिता येत नाही, साहेब. तुम्ही तिला आत्ता चार ओळी लिहायला लावा.”

“आत्ता ती मुद्दाम चुकवील, असं कोणी म्हणालं तर?” डॉक्टरांनी फाईल उलटली. हॉस्पिटलनं मयुरीच्या नोकरीच्या अर्जाची कागदपत्रं जोडली होती. “बारावीला इंग्रजीत एक्क्याऐंशी. तुम्हीच शिकवलं ना?”

मी सरांच्या बाजूलाच उभा होतो. ते आता गप्प बसतील असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. आमच्या कॉलेजची अनुदानाची फाईल त्याच महिन्यात वर गेली होती.

“ते मार्क मी दिले,” सर म्हणाले. “परीक्षा न घेता दिले. तोंडीत अठरा दिले, एक प्रश्न विचारला नाही. तो धडा मी तिला शिकवलेला नाही.”

टेबलाच्या कडेला लिहून घेणारा कारकून थांबला. “हे लिहू का, साहेब?”

डॉक्टरांनी सरांकडे पाहिलं.

“लिहा,” सर म्हणाले.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. त्यात म्हटलं होतं, की रुग्णानं तक्रार केल्यानंतरही नर्सनं इंजेक्शन दिलं, हे तिच्या स्वतःच्या लेखी निवेदनावरून दिसतं. शिक्षकाबद्दल एकच वाक्य होतं. परीक्षा न घेता गुण दिल्याचं जे स्वतः मान्य करतात, त्यांच्या सांगण्यावर विश्वास ठेवता येत नाही. डॉक्टरांविषयी काही नव्हतं. मयुरीवर गुन्हा दाखल झाला. जामीन झाला, जामीनदार सर राहिले.

संस्थेच्या अध्यक्षांनी जानेवारीत आम्हा सगळ्यांना बोलावलं. त्यांच्या हातात सरांच्या जबाबाची प्रत होती. कुठून आली कोण जाणे. ते म्हणाले, “अवसरमोल, सगळ्यांनी मार्क भरले, मला माहीत आहे. पण तुम्ही ते सरकारी कागदावर आणलं. अनुदानाच्या यादीत तुमचं नाव ठेवलं तर चौकशी लागेल, अन् सगळ्या कॉलेजचं जाईल.” मग त्यांनी आम्हा बाकीच्यांकडे पाहिलं. कोणाला काही म्हणायचं आहे का, असं विचारलं.

मुख्याध्यापक खाली पाहत होते. मला म्हणायचं होतं, की मीही त्या वर्षी मराठीचे मार्क तसेच भरले. मी पाण्याचा ग्लास उचलून प्यायलो आणि खाली ठेवला.

यादीत माझं नाव आहे. सरांचं नाही.

त्यांच्या कॉलेजातल्या शेवटच्या दिवशी वर्गातल्या मुलींनी त्यांच्यासाठी पेन आणलं होतं. स्टाफरूममध्ये त्यांनी कपाट रिकामं केलं, हजेरीपट टेबलावर ठेवला, ती जाड वही पिशवीत टाकली. मी म्हणालो, “सर, मी त्या दिवशी बोलाले पाह्यजे व्हतं.”

“तुमाले दोन पोरी हायेत,” ते म्हणाले. त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

आता ते शेगावला एका लॉजच्या काउंटरवर बसतात. भाविकांची नावं, गाव, किती जण, हे रजिस्टरमध्ये लिहितात. बायको आणि मशीन बीबीतच आहे. मी दिवाळीनंतर दर्शनाला गेलो तेव्हा त्यांना भेटलो. शर्ट इस्त्रीचाच होता. पोरं इंग्रजीत कशी आहेत, असं त्यांनी विचारलं. त्यांच्या जागी कोणी आलंय का, असंही विचारलं. मी सांगितलं, अजून नाही, इंग्रजीचे तास मीच घेतो. ते हसले, आणि दारात आलेल्या एका कुटुंबाला खोली दाखवायला उठले.

वही कुठे आहे, ते मी विचारलं. म्हणाले, कुठं तरी असेल.

मयुरी पुण्याला गेली. नर्स म्हणून तिला कोणी घेईना, कारण नेटवर नाव टाकलं की गुन्हा निघतो. एका सोसायटीत ती एका अंथरुणाला खिळलेल्या आजींना सांभाळते. अंघोळ घालते, डायपर बदलते, भरवते. गोळ्या आजींची सून देते. मयुरी गोळ्यांना हात लावत नाही. सुनेला या केसबद्दल कोणी सांगितलेलं नाही, मयुरीनंच पहिल्या दिवशी मागून घेतलं, की गोळ्या मी देणार नाही.

तारखा देऊळगाव राजाच्या कोर्टात पडतात. सरांना साक्षीला बोलावलेलं आहे, म्हणून ते प्रत्येक तारखेला शेगावहून येतात. पहाटे निघतात, खामगावला गाडी बदलतात. मयुरी पुण्याहून येते. आतापर्यंत चार तारखा झाल्या. एकदा सरकारी वकील नव्हते, एकदा कागदपत्रं आली नव्हती, एकदा वकिलांचा बहिष्कार होता.

चौथ्या तारखेला मीही गेलो. कोर्टाच्या व्हरांड्यात एका बाकावर जनकाबाई आणि मयुरी बसल्या होत्या, दुसऱ्यावर सर. मधल्या जागेत लोक ये-जा करत होते. मी सरांशेजारी बसलो. थोड्या वेळानं मयुरी उठून आमच्याकडे आली.

“कसे आहात सर?” तिनं विचारलं.

मी चमकलो. ती आमच्यासारखी बोलत नव्हती. तिच्या ते लक्षात आलं. म्हणाली, “तिकडं ‘मले, तुले’ म्हटलं की आजींचे नातू हसतात. सवय लागली.”

“चांगलं बोलतेस,” सर म्हणाले.

“सर, साक्षीत तुम्ही काय सांगणार?”

“जे तिथं सांगितलं तेच.”

“पण ते तर त्यांनी ऐकलं नाही.”

“नाही ऐकलं,” सर म्हणाले. “माह्याजवळ दुसरं काही नाई बाई.”

ती तशीच उभी राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “मला आता कधी कधी वाटतं, की मी दिलंच असेल. इतक्यांदा वाचलं ते. पोलिसांनी वाचलं, वकिलानं वाचलं. आधी मला हात थांबलेला आठवायचा. आता आठवायला गेलं की तो कागदच आठवतो.”

सर उठून उभे राहिले. तेवढ्यात आतून पट्टेवाला आला आणि त्यानं भराभर नावं वाचली. न्यायाधीश रजेवर होते. पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची.

सगळे बसस्टँडवर आलो. मयुरीनं जालन्याची गाडी धरली, तिथून ती रेल्वेनं जाणार होती. तिच्या मागोमाग खामगावची लागली, सर मागच्या दारानं चढले आणि दांड्याला धरून उभे राहिले, बसायला जागा नव्हती. बीबीकडची गाडी यायला तासभर होता. जनकाबाई फलाटाच्या कट्ट्यावर बसल्या, मी त्यांच्यापासून थोडा लांब. त्यांनी डबा सोडला, अर्धी भाकर खाल्ली, डबा परत बांधला. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.